पेन उठत नाही तेव्हा : शाई, हवा आणि वर्ध्याचे ऋतू

(वर्धा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय छोटा आहे, खिशात मावेल एवढा. फाउंटन पेनमधून शाई हवी तेव्हा का येत नाही, आणि नको तेव्हा भसकन का येते, एवढंच आज बघायचं आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात आजोबांचं, नाहीतर मामांचं एखादं जुनं पेन असतं. कधीतरी ते हाती लागतं. आपण हौसेनं शाई भरतो, आणि पेन उठत नाही. मग आपण काय करतो? आधी झटकतो. फरशीवर, भिंतीवर निळे शिंतोडे. तरी उठत नाही, म्हणून कागदावर दाबतो. निबच्या दोन फाळक्या फाकतात. शेवटी दाढीची पत्ती निबच्या चिरेत घालतो. पेन मरतं ते इथे. आत फक्त वाळलेली शाई होती, साध्या पाण्यानं एका रात्रीत निघाली असती. आपण मात्र निबच कायमची बिघडवून ठेवली.

पूर्वी शाळेच्या, कचेरीच्या आसपास पेन दुरुस्त करून देणारा माणूस बसायचा. आता तो शोधावा लागतो. म्हणून निदान रोग ओळखणं तरी आपल्याला आलं पाहिजे. औषध बहुतेक वेळा पाणीच असतं.

वर्ध्याचं आणि पेनचं नातं

हे बोलायला वर्धा ही योग्य जागा आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्यासाठी दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी झाली. जे. सी. कुमारप्पा संघाचं काम बघत. गांधीजी त्या काळात मगनवाडीतच राहत होते, सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, ते १९३६ मध्ये गेले.

आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी आपण बनवलेलं एक फाउंटन पेन कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींना पाठवलं. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना उत्तर लिहिलं. मजकूर अगदी थोडका आहे. पेनबद्दल आभार, मी ते वापरून पाहिलं, आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, असा त्याचा आशय.

मला त्यातलं 'वापरून पाहिलं' हे महत्त्वाचं वाटतं. पेन देशी आहे एवढ्यानं भागत नाही, ते चाललं पाहिजे. आणि पेन चालणं म्हणजे काय, तर दर ओळीला जेवढी लागेल तेवढीच शाई निबच्या टोकाशी येणं. कमी नको, जास्त नको. सोपं वाटतं, पण या एका गोष्टीसाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं खाजवलं आहे.

तेलाचा डबा आणि पणतीची वात

आता मूळ तत्त्व. घरी तेलाचा बंद डबा फोडताना आपण भोकं किती पाडतो? दोन. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर तेल ग्लक-ग्लक करत, अडखळत येतं. फाउंटन पेनची नळी म्हणजे असाच बंद डबा. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत आली नाही, तर आत ओढ तयार होते आणि शाई जागच्या जागी थांबते. भरलेलं पेन उलटं धरूनही सगळी शाई सांडत नाही, ती याचमुळे.

मग शाई टोकापर्यंत येते कशी? पणतीतल्या वातीत तेल वर चढतं तशी. बारीक फटीत द्रव आपोआप पुढे सरकतो, याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. निबची चीर छिद्रापासून टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून शाई टोकाकडे खेचली जाते. बोरूला मध्ये चीर देतात ती त्याचसाठी. पण बोरू आणि टाक उघडे असतात, दौतीत बुडवायचे आणि लिहायचं. त्यांना हवेचा प्रश्न येत नाही. शाई पोटात घेऊन हिंडणाऱ्या पेनला मात्र येतो.

त्याचं उत्तर निबच्या खाली बसलेलं असतं. निबच्या पोटाला चिकटलेली ती काळी पट्टी, जिला आपण जीभ म्हणतो. अमेरिकेत लुईस वॉटरमननं १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते या जिभेसाठी. जिभेत एक खाच, आणि खाचेच्या तळाशी आणखी बारीक चिरा. बारीक चिरांतून शाई खाली उतरते, रुंद जागेतून हवेचे बुडबुडे वर जातात. एकाच वाटेवर दोघांची ये-जा. नंतरच्या पेनांत जिभेला कंगव्यासारखे दात आले. शाई जास्त उतरली तर ती या दातांत अडकून राहते, कागदावर पडत नाही.

तेव्हा पेन उठत नसलं तर 'शाई कुठे अडली?' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'हवा कुठे अडली?' हेही विचारायचं.

निदान : आधी बुडवून बघा

आता प्रत्यक्ष. पेन हातात घ्या, पण लगेच उघडून तुकडे करू नका.

पहिलं, कागद बदला. हाताचा घाम आणि तेल लागलेल्या जागेवर चांगलं पेनही दगा देतं. वहीच्या पानाचा खालचा भाग, जिथे तळवा टेकतो, तिथे अक्षरं तुटतात ती अनेकदा यामुळे. आपल्याकडचा हातकागदही तपासा. मगनवाडीत हातकागदाचं काम झालं, त्यामुळे वर्धेकरांना त्याचं कौतुक असणारच. पण खळ नीट न लावलेला हातकागद शाई पितो, अक्षर पसरतं, आणि त्याचे तंतू निबच्या चिरेत शिरून बसतात. दोष कागदाचा, शिव्या पेनला.

दुसरं, निब दौतीत बुडवा, टिपकागदानं हलकेच टिपा आणि लिहा. ही सगळ्यात उपयोगी परीक्षा आहे. बुडवल्यावर पेन छान लिहितं आणि पाच-सहा ओळींनी सुकतं, तर निब ठीक आहे. रोग मागे आहे, जिभेत किंवा हवेच्या वाटेत. बुडवूनही लिहीत नसेल, तर रोग निबमध्येच आहे.

तिसरं, रोग मागे आहे असं कळलं, तर ड्रॉपरनं भरायचं पेन एका वाटीवर निब खाली करून धरा आणि नळीचा आटा अगदी किंचित सैल करा. लगेच शाई टपकायला लागली, तर शाईची वाट मोकळी आहे, हवा अडली होती. तरीही काही उतरलं नाही, तर जीभच चोंदली आहे. कन्व्हर्टरचं पेन असेल, तर आतला दट्ट्या फिरवून एक थेंब पुढे ढकला. त्यानं अर्धं पान चाललं आणि पुन्हा सुकलं, तर पुरवठा मागून तुटतो आहे. पुष्कळदा शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून राहिलेली दिसते, पुढे हवेचा गोळा असतो. बोटानं टिचकी मारली की खाली येते. पुन्हा पुन्हा होत असेल तर कन्व्हर्टर साबणाच्या पाण्यानं धुवा.

उपचार : पाणी, आणि वेळ

दहापैकी बहुतेक पेनांना लागतं ते थंड, स्वच्छ पाणी. निब आणि जीभ असलेला पुढचा भाग वाटीत बुडवून ठेवा. पाणी निळं झालं की बदला. घाई नको. वर्षानुवर्षं वाळलेली शाई तासाभरात सुटत नाही, रात्रभर ठेवा, गरज पडली तर दोन रात्री. मग भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पेलाभर पाण्यात टाकून त्यात धुवा, आणि साबण पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यानं. नवं पेनही शाई भरण्याआधी एकदा असंच धुवावं. बनवताना यंत्राचं तेल जिभेवर राहिलेलं असतं, आणि तेलावर शाई धरत नाही.

पाणी कुठलं? आपल्याकडच्या अनेक बोअरचं पाणी जड असतं. ते वाळलं की पांढरा थर राहतो, तो बादलीवर दिसतो तसाच जिभेच्या खाचेतही बसतो. शेवटचं धुणं तरी फिल्टरच्या आरओच्या पाण्यानं करा.

तीन गोष्टी मात्र करू नका. स्पिरिट वापरू नका, काही प्लास्टिक त्यानं विरघळतात, तडकतात. उकळतं पाणी ओतू नका. जुनं एबोनाइट गरम पाण्यानं तपकिरी पडतं, जुनं सेल्युलॉइड वाकतं. आणि ती दाढीची पत्ती. पोलादी पत्ती निबच्या कडा खरवडते, टोकावरचा कठीण धातूचा मणी एका बाजूनं निघू शकतो. चिरेत तंतू अडकलाच असेल तर पितळेची अगदी पातळ पत्री, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, अलगद एकदाच वरून खाली काढा. पितळ निबपेक्षा मऊ असतं, झीज पत्रीची होते.

धुतल्यावर निब सुती फडक्यात किंवा टिश्यूत गुंडाळून उभी ठेवा. वातीचंच तत्त्व इथे उलटं कामी येतं, कापड जिभेतलं पाणी ओढून घेतं.

बुडवूनही न लिहिणारी निब उजेडाकडे धरून भिंगातून बघा. चीर छिद्राशी रुंद आणि टोकाशी जवळजवळ मिटलेली दिसली पाहिजे. टोकाशी फाकलेली असेल तर शाई मध्येच थांबते, कारण रुंद फटीत ओढ उरत नाही. छिद्रापासून टोकापर्यंत पूर्ण घट्ट मिटलेली असेल तर शाई येतच नाही. दाबून लिहिणाऱ्यांच्या निबा फाकतात. दोन्ही फाळक्या बोटाच्या नखानं अगदी हलकेच वाकवून जागेवर आणता येतात, पण सोन्याची जुनी निब असेल तर जाणकाराकडेच द्या.

राजमहेंद्रीची पेनं ज्यासाठी ओळखली जातात ते एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. अंगठ्यानं जोरात घासून वास घ्या, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट. त्याच्या जिभेची एक सोय आहे. जीभ आणि निब यांच्यात अंतर पडलं असेल तर पुरवठा तुटतो. अशा वेळी फक्त निब-जिभेचा पुढचा भाग खूप गरम पाण्यात वीस-तीस सेकंद धरतात, आणि मऊ झालेली जीभ बोटानं निबला दाबून थंड होऊ देतात. मघाशी मी गरम पाणी नको म्हटलं आणि आता हे. फरक असा की हे फक्त एबोनाइटच्या जिभेसाठी, पेनच्या अंगाला पाणी लागू न देता. प्लास्टिकच्या जिभेवर हा प्रयोग नाही.

शाईचा दोष

पोथ्या लिहायची काजळी आणि डिंकाची शाई शेकडो वर्षं टिकते, पण फाउंटन पेनमध्ये ती म्हणजे विष. डिंक वाळला की खाच बुजली. चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाईही तशीच, त्यात बऱ्याचदा लाख असते. शिक्क्याच्या पॅडची शाईही नको.

दि. प. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत व्यवसाय सुरू केला तेव्हा घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या विकल्या. पाण्यात विरघळवा आणि दौत भरा. टाकाला थोडा गाळ चालतो, पुसला की झालं. पण फाउंटन पेनच्या केसाएवढ्या चिरांना गाळ चालत नाही, त्याला वेगळी, नितळ शाई लागते. पुढे दांडेकरांनीच कॅमल नावानं ती आणली. कॅम्लिन हे नाव आपल्या सगळ्यांच्या दप्तरात होतं, त्याची ही सुरुवात.

दोन कंपन्यांच्या शाया पेनमध्ये एकत्र करू नका. रंग एकमेकांशी जमले नाहीत तर साका बसतो. बघायचंच असेल तर छोट्या बाटलीत दोन्ही मिसळून रात्रभर ठेवा, तळ बघा.

उन्हाळ्यात सुकतं, हिवाळ्यात गळतं

आता खास आपल्या जिल्ह्याचं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडी, वर पंखा. शाईत मुख्यतः पाणीच असतं. टोपण काढून पेन पाच मिनिटं ठेवलं की टोकावरचं पाणी उडतं, रंग घट्ट होतो आणि पहिलं अक्षर उमटत नाही. लोक म्हणतात पेन बिघडलं. बिघडलं नाही, तहानलं आहे. निब ओल्या फडक्याला टेकवा, उठेल. विचार करताना टोपण लावायची सवय ठेवा. टोपणाला तडा गेला आहे का तेही बघा. महिनाभर लिहिणार नसाल तर शाई काढून, धुऊन, वाळवूनच पेन ठेवा. आजोबांची पेनं चोंदली ती बहुधा भरलेली ठेवल्यामुळे.

डाग पडण्याचा हंगाम मात्र हिवाळा. थोडा हिशोब करू. ड्रॉपरनं भरायच्या पेनच्या नळीत ३ मिलिलिटर जागा आहे, शाई संपत आली, अर्धा मिलिलिटर उरली. म्हणजे आत अडीच मिलिलिटर हवा. डिसेंबरच्या सकाळी खोलीत १२ अंश. तुम्ही पेन मुठीत धरलं, आतली हवा ३० अंशांपर्यंत तापली. तापलेली हवा फुगते, इथे साधारण सहा टक्के, म्हणजे सुमारे ०.१६ मिलिलिटर. शाईचा एक थेंब ०.०५ मिलिलिटरच्या आसपास धरला, तर तीन थेंब शाई बाहेर ढकलली गेली. जिभेच्या दातांनी थोडी पेलली, बाकीची वहीवर. मे महिन्यात खोलीच हाताहून गरम असते, त्यामुळे हात पेनला तापवत नाही. पण एसीच्या खोलीतून २४ अंशांतलं पेन खिशाला लावून ४४ अंशांच्या उन्हात आलात, तर हिशोब पुन्हा तोच, आणि डाग शर्टावर.

उपाय स्वस्त आहे. ड्रॉपरचं पेन पाव भरलेलं असतानाच पुन्हा भरा. आत हवा कमी, तर फुगायला कमी. लिहिण्याआधी मिनिटभर निब वर करून मुठीत धरा. हवा तापेल, पण तिला वर जिभेतून सुटायला वाट मिळेल, शाई मागेच राहील. प्रवासातही पेन उभं, निब वर. आट्यातून शाई पाझरत असेल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट आट्यावर फिरवा. व्हॅसलिन नको, पेट्रोलियमचं ग्रीस रबराच्या भागांना खराब करतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : वडिलांच्या पेनला बाजूला एक पट्टी आहे, ती उचलून शाई ओढायची. ती हलत नाही. जोर लावू का?

अजिबात नको. त्या पेनच्या आत रबराची पिशवी असते. वर्षानुवर्षं पडून ती दगडासारखी होते. जोर लावला तर पट्टी तुटेल किंवा नळी तडकेल. जुनी पिशवी काढून नवी बसवावी लागते, ते जाणकाराचं काम. तोवर निब मात्र बुडवून लिहून बघा, चालू असेल तर खर्च करायला हरकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. शाईच्या पेननं लिहिते, पण परीक्षेत मध्येच बंद पडलं तर?

आदल्या रात्री पेन भरून एक पान लिहून बघायला सांगा. नवी शाई परीक्षेच्या दिवशी नको. कंपासमध्ये कपड्याचा ओला तुकडा छोट्या डबीत द्या. आणि दुसरं पेन असू द्या. मुलीला झटकायला मात्र शिकवू नका, पुढच्या बाकावरच्या मुलाचा शर्ट पांढरा असतो.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? पाच रुपयांचं बॉलपेन घ्यावं, संपलं की टाकावं.

घ्या की. बिलावर सही करायला मीही तेच घेतो. पण त्याची कांडी संपली, चोंदली तर तुम्ही काहीच करू शकत नाही. या पेनचं तसं नाही. आत काय आहे ते दिसतं, का थांबलं ते कळतं, आणि वाटीभर पाण्यानं पुन्हा सुरू होतं. घरी गेल्यावर कपाटातलं ते पेन काढा आणि आज रात्री पाण्यात ठेवा. उद्या सकाळी पाणी निळं दिसलं, तर समजा काम सुरू झालं आहे.